टॅलिलिनच्या अनामिक हातांचे आभार

वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेवर पहाटे उठून बॉयलर पेटवणाऱ्या, कुजलेले स्लीपर बदलणाऱ्या, रुळांकडेचं रान साफ करणाऱ्या सर्वांचे मनापासून आभार. पाटीच्या दगडाच्या वाहतुकीसाठी १८६५ साली सुरू झालेली ही रेल्वे १९५१ पासून स्वयंसेवकांनी तगवली. असं जगात प्रथमच घडलं. तेव्हा चालू इंजिन एकच होतं, १८६६ सालचं डॉलगॉक!

माझे बाबा भुसावळला वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. आम्ही टॅलिलिनला आलो तेव्हा काजळीचे हात पुसून त्यांना इंजिनापाशी नेणाऱ्या ताई, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. बाबांनी भट्टीत डोकावून कोळसा कसा पसरलाय ते निरखलं आणि समाधानाने मान डोलावली. कितीतरी वर्षांनी त्यांचा चेहरा इतका खुललेला पाहिला.