इंजिन बदलणार नाहीये, बाबा

प्रिय आई आणि बाबा,

आई, हे पत्र तूच मोठ्याने वाचून दाखव. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, बाबांनी अजून काही दिवस डोळे ताणून काही वाचायचं नाहीये. आणि मधलं मधलं गाळायचं नाही हां, तू काय काय गाळतेस ते मला चांगलं माहितीये. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर बाबा "हं, बरं बरं" म्हणतात आणि फोन तुझ्या हातात देतात, मग तू कुकरच्या शिट्ट्या मोजत बोलतेस आणि माझं राहूनच जातं.

तर आधी मुद्दा. गाडीचं इंजिन बदलायचं नाही, आहे तेच दुरुस्त करायचं असं मी ठरवलंय, म्हणजे हुतात्मा एक्सप्रेस पकडायच्या आदल्या संध्याकाळी होटगी रोडच्या मिस्त्रींना तसं सांगून पाच हजार देऊन झालेसुद्धा. बाबा, तुम्हाला विचारलं नाही. तुमच्या डोळ्याला पट्टी होती, तुम्ही झोपला होतात, ही कारणं मी आईला दिली पण ती काही खरी नाहीत. विचारलं असतं तर तुम्ही लगेच "तू म्हणशील तसं" म्हणाला असतात, आणि त्या शनिवारपासून तुम्ही माझ्या प्रत्येक गोष्टीला तेच म्हणताय, ते मला ऐकवत नाही.

त्या शनिवारबद्दल नंतर लिहिते. आधी गाडी.

तुमचं म्हणणं काय होतं, की तुळजापूरच्या घाटात गाडी ओढतच नाही, इंजिन नुसतं ओरडतं, वर तेल गळतंय, म्हणजे इंजिनात दम राहिला नाही. आणि त्या आधीच्या गॅरेजवाल्यानेही तेच सांगितलं, "इंजिनच टाका दुसरं, कटकट मिटेल." त्याने काय करून ठेवलं होतं ते बघितलंत तर तुम्हीच त्याला दोन शिव्या द्याल. इंजिनखालच्या तेलाच्या चेंबरचं पॅकिंग बदललंच नव्हतं, वरून सिलिकॉन थापलं होतं, नुसतं भिंतीला गिलावा केल्यासारखं, आणि त्यातले रबरासारखे तुकडे चेंबरच्या आत तेलाच्या जाळीला चिकटलेले. मिस्त्रींनी चिमट्याने एकेक काढून वर्तमानपत्रावर ठेवले. जाळी अजून थोडी तुंबली असती तर इंजिनला तेल पोचलंच नसतं, आणि मग खरंच दुसरं इंजिन शोधावं लागलं असतं.

आता गळती नेमकी कुठली ते कसं सापडलं ते ऐका, तुम्हाला आवडेल. मिस्त्रींनी इंजिन खालून-वरून डिझेलने धुतलं, हवा मारून कोरडं केलं, आणि मला म्हणाले, "ताई, घरात टाल्कम पावडर असेल तर आणा." मी आईचा डबा आणला (आई, नवीन घेऊन दिलाय, कपाटात साड्यांच्या मागे आहे). सगळ्या जोडांवर पावडर फासली, गाडी वीस मिनिटं चालू ठेवली, मग सात रस्त्यापर्यंत एक चक्कर मारून आलो आणि खाली टॉर्च मारला. इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, टॅपेट कव्हरच्या, मागच्या कोपऱ्यात पावडर जरा ओली, ते किरकोळ. पण इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे खालून काळी धार, पावडरीवर अगदी गंधाची रेघ ओढावी तशी. गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं, घट्ट आणि उग्र वासाचं, ते हे नव्हतं आणि त्याची पातळीही बरोबर होती. म्हणजे क्रँकचं, इंजिनातल्या फिरत्या दांड्याचं, मागचं ऑइल सील, तेल अडवणारी रबराची कडी, गेलंय. आणि त्या सीलच्या शेजारीच काय असतं? क्लच! तेल क्लच प्लेटवर जाऊन ती सरकत होती, म्हणून इंजिन ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. घाटात जळका वास यायचा म्हणत होतात ना, तो तोच. दम इंजिनातच होता बाबा, तो चाकांपर्यंत पोचत नव्हता.

तरी माझं समाधान होईना, म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये दाब किती तयार होतो ते, तपासायला लावलं. तिन्ही सिलेंडर १५५, १५०, १५५. एखादा १०० वर आला असता, किंवा सायलेन्सरमधून निळा धूर येत असता, आतून ठकठक वाजत असतं, तर मीच म्हटलं असतं की अण्णाकाकांचं ते स्क्रॅपमधलं इंजिन आणा. पण यातलं काहीच नाही. तेल जळत नाहीये, नुसतं गळतंय. आणि सील गेलं ते का, तर एक तर रबर जुनं होऊन कडक झालं, गाडी महिनोन्महिने उभी आणि आपल्याकडचा उन्हाळा, आणि दुसरं म्हणजे ब्रीदरची नळी काजळीने भरलेली. आतली हवा बाहेर पडायला जागाच नाही, मग ती सीलमधून तेल ढकलते. नळी साफ केली नसती तर नवीन सीलही गेलं असतं.

आणि अण्णाकाकांचं ते स्क्रॅपमधलं इंजिन, १८,००० चं, ते किती चाललंय कोणाला माहिती? त्याची सीलंही तेवढीच जुनी, ती बदलल्याशिवाय बसवायचं म्हणजे पुन्हा फरशीवर तेलच. बसवायचे पाच-सहा हजार वेगळे. शिवाय इंजिन नंबर बदलला की आरसी बुकात नोंद करायला आरटीओच्या चकरा, ते इंजिन कुठून आलं त्याची कागदपत्रं, इन्शुरन्सला कळवायचं. २०२३ ला पासिंग करून आणलं तेव्हाची दमछाक विसरलात का? २०२८ पर्यंत कागद स्वच्छ आहे, तो कशाला खराब करायचा. माझं सगळं मिळून ८,८०० मध्ये होतंय. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर क्लच प्लेट नवीन, पुढचं सील, कॅमचं सील, टायमिंग बेल्ट, सगळी पॅकिंग, तेल. सील स्वतः काही शेकड्यांत येतं, पैसे सगळे उतरवायच्या मजुरीचे. त्या इंजिनासाठी अण्णाकाकांना आधीच दिलेले दोन हजार परत मिळाले तर मिळाले, नाही तर माझ्याकडून. त्यांच्याशी मी बोलते, तुम्हाला अवघडल्यासारखं व्हायला नको.

हुश्श. इतकं समजावून सांगतेय कारण मलाच धाकधूक आहे.

आता शनिवार. पोर्चमध्ये तुम्ही डिपस्टिक, तेल मोजायची पट्टी, काढली, फडक्याने पुसली, परत घालून काढली, उजेडाकडे धरली आणि म्हणालात, "भरलंय की." मी बघितलं तर पट्टी खालच्या खुणेच्या पण खाली ओली होती, जेमतेम टोकाला. आणि मी मिस्त्रींच्या त्या पोऱ्यासमोर म्हटलं, "बाबा, इतके दिवस तेल गळतंय, तुम्हाला दिसत नाही का?" तुम्ही काही बोलला नाहीत. पट्टी परत घातली, बोट फडक्याला पुसलं आणि आत गेलात. सोमवारी डॉक्टर म्हणाले की दोन्ही मोतीबिंदू पिकलेत, यांना बऱ्याच दिवसांपासून नीट दिसत नसणार. मी तिथे खुर्चीवर बसून हो हो करत होते. बाबा, मला माफ करा. मी चिडले ते तेलावर चिडले नव्हते, त्याआधी तुम्ही एकटेच गाडी घेऊन रात्री अक्कलकोटला जाऊन आला होतात, ते आईकडून कळलं होतं म्हणून.

ही गाडी १९९८ ची, पाडव्याला आणली तेव्हा मी दुसरीत होते. गड्ड्याच्या जत्रेहून येताना मी मागच्या सीटवर झोपायचे, म्हणजे झोपल्याचं सोंग करायचे, कारण झोपले की तुम्ही उचलून आत न्यायचात. फाटकापाशी इंजिन बंद करायचात आणि गाडी नुसती घरंगळत आत यायची, मला जाग येऊ नये म्हणून. मला सगळं कळायचं.

तर आता ऐका. डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही, अगदी गाडी पोर्चमधून पुढे-मागे करायलासुद्धा नाही. गुरुवारी अक्कलकोटला जायचंच असेल तर समोरचा पोरगा ड्रायव्हर म्हणून येईल, मी बोललेय, पैसे मी पाठवते, आणि घासाघीस करू नका त्याच्याशी. डोळ्यात थेंब वेळेवर. काळा चष्मा घरात पण. दुसरा डोळा झाला की रात्रीचं बघू, आत्ता वाद नको. आणि आई, तू जड बादल्या उचलू नकोस, पाणी आलं की बाईंना थांबवून घे, त्या थांबतात, मी विचारलंय. तुझ्या शेंगापोळ्या सगळ्या संपल्या, ऑफिसातच.

गाडीचं एक काम मात्र बाबांचंच. दर रविवारी सकाळी, गाडी सपाट जागी, चालू करायच्या आधी तेलाची पट्टी बघायची. दोन खुणांच्या मधे पाहिजे, वरच्या खुणेच्या वर नाही. चष्मा नवीन मिळेपर्यंत आईने वाचायचं आणि तुम्ही पुसायचं. कुणीही चालवत असलं तरी तेलाचा लाल दिवा लागला की तिथल्या तिथे बंद, घरापर्यंत नेऊ असं नाही.

आणि ती इंजिनखाली घडी करून टाकलेली जुनी चादर मी फेकलीय. आई ओरडेल म्हणून सांगितलं नव्हतं. तेलाने भिजलेलं कापड गरम सायलेन्सरखाली ठेवतात का कोणी? शहाबादीवरचा डाग सोड्याने बराच गेलाय, तुळशीपाशी अजून थोडा आहे, त्यावर रांगोळी काढ.

रविवारी मिस्त्री गाडी आणून देतील. रात्री खाली एक पांढरा पुठ्ठा टाका, फ्रीजच्या खोक्याचा माळ्यावर आहे, पण माळ्यावर तुम्ही दोघांनी चढायचं नाही, त्या पोऱ्यालाच काढायला सांगा. सोमवारी सकाळी त्याचा फोटो पाठवा. कोरा असला तरी पाठवा.

तुमची,
चिमी