रॅक बदलायच्या आधी

कोथरूड, पुणे
रविवार, रात्री

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो आई, कळलं आई" म्हणालास तेव्हाच मला कळलं की काही कळलेलं नाही. म्हणून लिहायला बसले. गाडी ८० च्या वेगाला थरथरते, ९५ ला गप्प होते आणि डावीकडे ओढते, असं तू सांगितलंस. त्यावर तुझा मेकॅनिक स्टेअरिंग रॅक (स्टेअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा दांडा) बदलायला सांगतोय, १८ हजार म्हणतोय, तर त्याला आधी थांबव. आपली मारुती एस्टिलो २००९ ची आहे, दुखणी निघणारच. पण रॅक गेली की स्टेअरिंगला खेळ येतो, खड्ड्यात खडखड वाजतं. ८० ला थरथरायचं आणि ९५ ला गप्प व्हायचं, हे रॅकचं लक्षण नव्हे.

शिवाय ताम्हिणीहून आल्यापासून हे सुरू झालंय, हे तू फोन ठेवता ठेवता सांगितलंस. अरे, तेच आधी सांगायचं! तिथे चिखलात गाडी लावली होतीस. तो चिखल रिमच्या आतल्या बाजूला बसतो आणि वाळला की विटेसारखा होतो. गाडी धुणारे बाहेरून चकाचक करतात, आत कुणी हात घालत नाही. तू चाकाच्या मागून हात घाल, बोटाला ढेकूळ लागतं का बघ. रिमवर चिकटवलेली बॅलन्सिंगची, म्हणजे चाक सगळीकडून सारखं भरावं म्हणून लावलेली छोटी वजनंही बघ. एखादं पडलं असेल तर तिथे चिकटपट्टीचा चौकोनी डाग दिसेल.

हिशेब सांगते म्हणजे पटेल. आपल्या टायरचा परीघ साधारण १.६७ मीटर. ८० च्या वेगाला चाक सेकंदाला १३ वेळा फिरतं. रिमच्या कडेला २० ग्रॅम, म्हणजे एका पेढ्याएवढं वजन एका बाजूला जास्त झालं, तर त्या वेगाला चाकाला सव्वादोन किलोचा हिसका बसतो. चाक आणि सस्पेन्शन यांची स्वतःची लय असते, ती बहुतेक याच टापूत येते. झोपाळ्याला नेमक्या वेळी रेटा दिला की तो चढतो ना, तसं होतं. वेग वाढला की ताल चुकतो आणि थरथर कमी होते. आजार बरा झाला म्हणून नव्हे.

थरथर हातात येत असेल तर पुढची चाकं, बुडाखाली सीटमध्ये येत असेल तर मागची. ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकामागची चकती. भोसरीला कंपनीत इन्स्पेक्शनला होते तेव्हा रोज डायल (बारीक फरक दाखवणारं सुईचं माप) लावून रन-आउट, म्हणजे फिरताना भाग किती डगमगतो ते, बघायचे. केसाच्या जाडीहून कमी फरक असला तरी सुई नाचायची. डिस्क जाडीला तेवढी असमान झाली की तोच नाच ब्रेकच्या पायाला कळतो. तुझी थरथर ब्रेक न दाबताच येते, म्हणून डिस्कला तूर्त हात लावू देऊ नकोस.

आता डावीकडे ओढण्याचं. पाणी जावं म्हणून आपल्याकडे रस्त्याला डाव्या कडेला उतार असतो, त्यामुळे डाव्या लेनमध्ये गाडी जराशी डावीकडे जातेच. त्यात बिघाड काही नाही. सपाट जागी, सकाळी लवकर, बायपासवर गर्दी नसताना बघ. हात सोडू नकोस, पकड फक्त सैल कर. त्याआधी चारही टायरची हवा थंड असताना मोज, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आकडा आहे. हवा नीट असूनही ओढते? मग पुढची डावी-उजवी चाकं आपसात बदल. ओढ उजवीकडे गेली किंवा गायब झाली तर दोष टायरचा, १८ हजार वाचले. टायरवरच्या तारखेचे चार आकडेही वाच: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आतल्या बाजूला फुगवटा दिसला तर तो टायर वापरूच नकोस.

आणि हे मी कुठे शिकले ते ऐक. तू दहावीत होतास त्या वर्षी गाडी अशीच डावीकडे ओढायची. एका गॅरेजने तीनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केलं, मग टायरोड एंड (रॅकला चाकाशी जोडणारे सांधे) बदलले, पैसे घेतले, आणि कंपनीत जाताना कासारवाडीच्या पुढे आले की ओढ परत हजर. घरून निघताना ओढ नसायची, दहा-बारा किलोमीटर गेल्यावरच यायची! चौथ्यांदा मी त्यांच्याकडे गेलेच नाही. कंपनीच्या गेटवर उतरले आणि चारही रिम्सच्या जवळ हात नेला, लावला नाही. तीन कोमट, डाव्या पुढच्यातून चुलीसारखी धग आणि करपल्याचा वास. बाटलीतलं पाणी बोटाने रिमवर शिंपडलं तर चर्र झालं. (रिमवर! तापलेल्या डिस्कवर पाणी ओतायचं नाही, ती वाकते.) कॅलिपरच्या (डिस्कला ब्रेक पॅडने चिमटणारा भाग) पिना सुकून अडकल्या होत्या, ब्रेक सुटतच नव्हता. पिना साफ केल्या, ग्रीस लावलं, पॅड बदलले, संपलं. ज्या चाकाचा ब्रेक अडकतो तिकडे गाडी ओढते. आणि ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल तर उलटही असू शकतं, म्हणजे ओढीच्या विरुद्ध बाजूचा ब्रेक नीट लागत नसतो.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. आपल्या गाडीत ते लोक मुख्यतः टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते, फिरवतात. त्याने स्टेअरिंग सरळ येतं, टायर कमी झिजतात, पण ओढ सहसा जात नाही. आधीचं-नंतरचं रीडिंग छापून घे. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) किंवा कॅस्टरमध्ये (चाक वळतं त्या आसाचा पुढे-मागे कल) डाव्या-उजव्यात फार फरक आला तर खड्ड्यात लोअर आर्म किंवा स्ट्रट, म्हणजे चाक धरून ठेवणारे सस्पेन्शनचे भाग, वाकलेत का, हे विचार.

चाक उचलून हलवायचं असेल तर एकट्याने नको, रविवारी इकडे ये. सपाट जागी हँडब्रेक लावून, मागच्या चाकाला दगड लावून करू. घड्याळातल्या ९ आणि ३ वर धरून हलवलं आणि खुटखुट झाली तर टायरोड, १२ आणि ६ वर झाली तर चाकाचं बेअरिंग किंवा बॉलजॉइंट (लोअर आर्मच्या टोकाचा गोल सांधा). बाबांना टॉर्च धरायला उभं करू, त्यांना तेवढंच जमतं.

येताना नाना पेठेतून काही सुटे भाग घेऊन येऊ नकोस, आधी बघू काय लागतंय ते. आणि स्टेपनीत हवा भरून आण. मागच्या वेळी ती रिकामीच होती.

तुझी,
आई