बाबा, दाढेसाठी एक दिवस काढा

कोल्हापूर

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा गारगोटीला आले तेव्हा बाबा, तुम्ही भाकरी दुधात कुस्करून एकाच बाजूनं चावत होता. मटणाचा तुकडा हळूच आईच्या ताटात सरकवलात, तेही पाहिलं. घरी आल्यावरही तेच डोळ्यांसमोर येत राहिलं, म्हणून लिहायला बसले.

त्या दाढेचं रूट कॅनल होऊन वर्ष झालं, कॅप मात्र राहिली. का राहिली ते मला ठाऊक आहे. आधीच्या दाढेच्या वेळी दाढेचं माप घ्यायला तोंडात भरलेला तो लगदा घशाशी येऊन तुम्हाला किती उमासे आले! तात्पुरती कॅप दोनदा निघाली. तीन खेपा झाल्या, आणि प्रत्येक खेपेला गुडघा धरून एसटीच्या पायऱ्या चढलात. पण बाबा, रूट कॅनल झालेली दाढ आतून पोखरलेली असते, तिच्या भिंती पातळ होतात. एखाद्या कडक घासाला ती उभी चिरते. चीर मुळात गेली की दाढ काढण्याशिवाय इलाज उरत नाही.

गेल्या महिन्यात माझ्याही दाढेला कॅप बसवून घेतली, इथंच राजारामपुरीत. लगदा नाहीच. दाढ घासून झाल्यावर पेनापेक्षा थोडा जाड कॅमेरा तोंडात फिरवला आणि माझी दाढ समोरच्या पडद्यावर उभी राहिली. वरची दाढ कुठं टेकते, शेजारच्या दाताला किती जागा सोडायची, सगळं बघत डॉक्टरांनी तिथंच कॅपचा आकार काढला.

पुढचं तुम्ही पाहायला हवं होतं. उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर काढलीत, तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त कळलं असतं. खडीसाखरेच्या मोठ्या खड्याएवढा सिरॅमिकचा ठोकळा मशीनमध्ये बसवला. हिऱ्याची पूड लावलेल्या बारीक सुया दोन्ही बाजूंनी तो कोरत होत्या, वरून पाण्याची धार. पंधरा मिनिटांत दाढ तयार, पण रंग जांभळा! मी घाबरलेच. डॉक्टर म्हणाले, हा माल मऊ असतानाच कापायचा, मग भट्टीत कडक करायचा. तुम्ही म्हणायचा ना, आधी मशिनिंग, मग हार्डनिंग, तसंच. ८५० अंशांच्या आसपास तापवून बाहेर आली तेव्हा ती दाताच्या रंगाची झाली होती. निळा कागद चावायला देऊन उंच लागणारी जागा घासली आणि चिकटवली. सगळे मिळून अडीच तास.

नवीन खूळ म्हणून सोडून देऊ नका. १९८५ साली झुरिक विद्यापीठात व्हेर्नर म्यॉरमान या दंतवैद्यांनी मार्को ब्रांडेस्टिनी या इंजिनिअरांच्या साथीनं असं मशीनवर कोरलेलं पहिलं भरण रुग्णाच्या दातात बसवलं होतं. पैसे साध्या धातूच्या कॅपपेक्षा जास्त जातात हे खरं, पण तो विषय माझ्याकडे. दाढ हिरडीच्या खूप खाली तुटली असेल तर मात्र हे जमत नाही, म्हणून आधी एक्स-रे बघून सांगतो म्हणाले डॉक्टर. आणखी वाट पाहू नये असं मला वाटतं ते याचसाठी.

येत्या गुरुवारी सकाळी अकराची वेळ घेतली आहे. आई, रूट कॅनलची फाईल आणि बाबांच्या शुगरच्या गोळ्या पिशवीत आठवणीनं घाल. बाबांना नाश्ता करूनच निघू दे, उपाशीपोटी नको. पहिल्या एसटीची घाई करू नका, साडेआठची चालेल. मी स्टँडवर रिक्षा घेऊन उभी असेन. रात्री इथंच राहा. तांबडा-पांढरा करणार आहे, मटण नीट शिजवून.

तुमची,
मनू