नव्या चालकाच्या हाती उंच जीप नको

महोदय,
शेजारच्या मुलाला अठरा पूर्ण झाली, लायसन्स आलं आणि आठवड्याभरात दारात मोठ्या चाकांची उंच जीप उभी राहिली. पहिल्याच पावसात ताम्हिणी घाटात कुत्रं आडवं आलं, त्यानं स्टेअरिंग गर्रकन फिरवलं आणि गाडी कुशीवर पडली. पट्टा लावला होता म्हणून पोरगं वाचलं. आरशाची काच मात्र अजून त्याच्या शर्टात सापडत होती.
अशा गाड्यांचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे तोललं जातं तो बिंदू, उंच असतो; म्हणून झटक्यात वळवली की गाडी कलंडते. टपावर सामान लादलं की तो बिंदू आणखी वर जातो. वळणाआधीच वेग उतरवायला हवा, अन् काही आडवं आलं तर स्टेअरिंग सरळ धरून ब्रेक. हे शिकायला वेळ लागतो. पालकांनो, पहिली एक-दोन वर्षं नव्या चालकाला बुटकी, साधी हॅचबॅकच द्या.
– एक पालक, पुणे