सूचना : पोलादी छर्रे आणि चोक

सर्व सभासदांस,

हवेत उडवलेल्या तबकड्यांवरच्या बंदुकीच्या सरावाला पोलादी छर्‍यांची काडतुसं चालतील का, अशी विचारणा होत आहे. चालतील, पण कुठल्याही चोकमधून नाही. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी वाट आवळणारा भाग; आट्यांवर बसवलेला असेल तर तो बदलता येतो.

शिसं मऊ असतं, चोकमध्ये दबून पुढे सरकतं. पोलाद दबत नाही. सगळा ताण नळीच्या तोंडावर येतो, चोक फुगतो, आट्यांत रुतून बसतो. फार झालं तर नळीच जाते. बारा बोअर मापाच्या नळीचा फुल चोक वाट साधारण १ मिमी आवळतो, हाफ त्याच्या निम्मी. पोलादाला हाफ किंवा त्याहून मोकळाच लावा, तोही बनवणार्‍याने पोलादासाठी चालतो असं सांगितलेला. चोक काढून मोकळ्या आट्यांवर बार काढणं तर अजिबात नको.

आजोबांच्या वेळची दोननळी असेल तर विषयच संपला. तिची एक नळी बहुधा फुल असते आणि चोक बदलता येत नाही. ‘दुसर्‍या नळीतून एकच बार’ हेही नको. तिला शिसंच.

पोलाद हलकं, म्हणून छर्रा शिशाच्या छर्‍यापेक्षा आकाराने दोन नंबर मोठा घ्यावा. तो जांभ्यावर आपटून उलटाही येतो, तेव्हा बघ्यांनीसुद्धा चष्मा लावायचा.

आपल्या खार्‍या हवेत आटे लवकर गंजतात. घरी गेल्यावर बंदूक रिकामी असल्याची खात्री करून चोक काढा, आटे पुसा, ग्रीसचं बोट फिरवा. हाताने सहज फिरत नसेल तर पान्याने जोर लावू नका, बंदूक कारागिराला दाखवा.