मकोनींची आठ टक्के मते

महोदय,

झिम्बाब्वेच्या २००८च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची चर्चा तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मुगाबे आणि विरोधी नेते त्स्वांगिराई यांच्यातच संपते. सिम्बा मकोनी विसरले जातात. २००० ते २००२ या काळात अर्थमंत्री राहिलेल्या मकोनींनी मतदानाला दोन महिनेही उरले नसताना स्वतःच्याच, म्हणजे मुगाबेंच्या सत्ताधारी झानू-पीएफ पक्षाविरुद्ध दंड थोपटले. उशीर नडला. गावोगावी कार्यकर्ते नव्हते, आणि बड्या नेत्यांपैकी डुमिसो डबेंग्वा सोडले तर फारसे कुणी उघडपणे पाठीशी उभे राहिले नाही.

तरी अधिकृत निकालात त्यांना ८.३ टक्के मते पडली. त्स्वांगिराई ४७.९, मुगाबे ४३.२. विजयाला निम्म्याहून अधिक मते लागत, म्हणून २७ जूनची दुसरी फेरी आली. हिंसाचारामुळे त्स्वांगिराईंनी तीतून माघार घेतली. मकोनींनी त्स्वांगिराईंची मते खाल्ली म्हणूनच दुसरी फेरी ओढवली, असे खापर त्यांच्यावर फोडणे मला अन्यायाचे वाटते. सत्ताधारी पक्षातले नाराज मतदारही त्यांनीच बाहेर काढले.

– एक वाचक, पुणे