चि. सायलीस

टेंभी नाका, ठाणे

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन आधी तू ठेवलास की मी, ते आठवत नाही. आई म्हणते, आवाज माझाच चढला होता. तसं असेल तर चुकलो.

तुझ्याकडे तपासायला आलेल्या त्या मुंब्र्याच्या मधुमेही आजी तू रोजे धरू नका म्हणालीस तेव्हा नुसती मान हलवत राहिल्या, मग तू चिडून "ऐकायचं नसेल तर येता कशाला?" म्हणालीस आणि त्या कागद घेऊन गुपचूप उठल्या. त्यांचं ते गुपचूप उठणं माझ्या डोक्यातून जात नाही. रोजा त्या धरतीलच. फक्त तुला सांगणार नाहीत.

पस्तीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा आहे. दुकानापासून जैन मंदिर जवळ, ज्यूंचं १८७९ चं सिनेगॉग जवळ, मुसलमान वस्तीची राबोडी जवळ. डॉक्टर १-०-१, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, असं लिहून मोकळे होतात. चौविहार पाळणारा माणूस सूर्यास्तानंतर पाणीही पीत नाही, त्याने रात्रीची गोळी घ्यायची कधी? ते डॉक्टरांना विचारत नाहीत. माझ्याकडे येऊन हळूच विचारतात, "शेटची सहाच्या आत घेतली तर चालेल ना?" कोणी कॅप्सूल हातात फिरवत उभं राहतं; तिचं वेष्टन जिलेटिनचं, जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेलं, हे त्यांना ठाऊक असतं. मी डॉक्टरांना फोन लावतो, बहुतेक वेळा त्याच औषधाची गोळी किंवा सिरप निघतं. आपल्या बेने इस्राएली (ज्यू) काकू शब्बाथ पाळायच्या म्हणून शनिवारची औषधं शुक्रवारी दुपारीच नेत. विचारलं तर माणूस सांगतो गं.

तुझ्या सरांना विचारून त्या मुंब्र्याच्या आजींच्या गोळीची वेळ आणि मात्रा बदलून दे. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइड सकाळी घ्यायची आणि दिवसभर पोट रिकामं ठेवायचं म्हणजे काय, ते मी तुला शिकवायला नको. बोट टोचून साखर बघितल्याने रोजा मोडत नाही, हे त्यांना सांग, पुष्कळांना माहीत नसतं. ७० च्या खाली गेली की तिथल्या तिथे सोडायचा. आजाऱ्याला कुराणातच सूट आहे, राहिलेले रोजे नंतर धरता येतात. हे मला राबोडीच्या गिऱ्हाइकांनी सांगितलं. आणि चेहऱ्यावर राग आणू नकोस, राग दिसला की माणूस

बघ, लागलो शिकवायला. डॉक्टर तू आहेस. माफ कर.

पण तुला आपल्या आजीची ती आषाढी एकादशी आठवते का? तू सात वर्षांची होतीस. डॉक्टरांनी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं, उपासतापास बंद, गोळी एकही चुकवायची नाही. तिने डॉक्टरांचंही ऐकलं आणि विठोबाचंही. सकाळी गोळी घेतली आणि निर्जळी केली. आमच्यासाठी साबुदाणा भिजवला होता, आम्हाला वाटलं तीही खिचडी खाणार. दुपारी चारला देव्हाऱ्यापाशी कलंडलेली सापडली. पोलकं घामाने चिंब, हात बर्फासारखे, मला "दादा" म्हणत होती, म्हणजे तिच्या भावाला. तू साखरेचा डबा घेऊन धावलीस, अर्धी साखर उंबऱ्यातच सांडली. गिळता येत होतं म्हणून वाचली.

त्या आठवड्याच्या गोळ्या मी स्वतः तिच्या डबीत भरल्या होत्या. अख्ख्या ठाण्याला औषधं समजावून देणारा मी, आईला एकदाही विचारलं नाही, "उद्या एकादशी आहे, काय करणार आहेस?" विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. डॉक्टरांना नसतं सांगितलं. त्यांची तिला भीती बसली होती.

तुझी भीती कोणाला वाटावी, हे मला सहन होत नाही. एवढंच रविवारी सांगायचं होतं आणि भलतंच बोललो. तुझ्या नावाची पाटी मी अजून दोनदा तरी फोनमध्ये रोज बघतो. दुकानात येणाऱ्यांना दाखवतो, आई ओरडते.

शनिवारी पनवेल लोकलने नेरूळला येतोय, डिंकाचे लाडू देऊन लगेच निघेन. नाइट ड्यूटीला उपाशी जाऊ नकोस.

त्या आजींच्या केसपेपरवर फोन नंबर असेल. घरी कोणीतरी उचलेल. आजच लाव, जमलं तर इफ्तारच्या आधी, आणि मला कळव.

तुझा,
बाबा